मागचे गृहस्थ

काही माणसांना प्रवासापेक्षा प्रवासाची तयारीच जास्त मानवते. आपला धाकटा त्यातलाच. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर भिंगं बदलता बदलता त्याच्या डोक्यात कुठल्या ना कुठल्या सहलीचा आराखडा चाललेला असायचा. कुठे थांबायचं, चहा कुठे घ्यायचा, टायर बसला तर काय, पोट बिघडलं तर काय. घरात त्याला वेळापत्रक म्हणत. थोरले भाऊ तर म्हणायचे, "हा मरायच्या आधी यमाला फोन करून विचारेल, गाडी लावायला जागा आहे का म्हणून."

हे थोरले भाऊ म्हणजे दादा. आईवडील लवकर गेले तेव्हा धाकटा शाळेत होता. दादांनी आणि नुकत्याच लग्न होऊन आलेल्या वहिनींनी त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं. दादांनी जन्मभर पूल बांधले, आणि सुट्टीच्या दिवशी गोल्फ खेळला. धाकट्याच्या हातात काठी दिली तीही त्यांनीच. पण चेंडू मारायला शिकवण्याआधी त्यांनी त्याला रीत शिकवली. आपण हळू खेळत असलो आणि मागचा ताटकळला, तर बाजूला व्हायचं, हात वर करायचा आणि त्याला पुढे जाऊ द्यायचं. "खेळ येवो न येवो," दादा म्हणायचे, "एवढं आलंच पाहिजे. मागच्याला उभं करून ठेवणारा माणूस माझ्या लेखी माणूसच नाही."

त्या वर्षी दादांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. माणूस वाचला, पण उतरला. जिना चढताना मध्येच थांबून भिंतीवरच्या चित्राकडे असे बघत राहायचे, की जणू चित्र बघायलाच थांबलेत. एके दिवशी त्यांनी विषय काढला. डोंगरापलीकडे, शेतांच्या मधोमध एक जुनं गोल्फचं मैदान होतं. तिथल्या नदीवर पूल बांधताना ते रोज लांबून दिसायचं. खेळायचं मात्र राहून गेलं. "एकदा जाऊन येऊ या का रे, छोट्या?" दादा म्हणाले. आजवर त्यांनी धाकट्याकडे काही मागितलं नव्हतं. धाकट्याच्या डोक्यात त्याच क्षणी आराखडा सुरू झाला.

डॉक्टरांनी हो म्हटलं. सावकाश चालू द्या, दमले की बसवा. वहिनींनी मात्र लगेच मान डोलावली नाही. त्यांनी धाकट्याला स्वयंपाकघरात बोलावलं आणि गॅसकडे तोंड करून म्हणाल्या, "न्या, भाऊजी. पण जसे नेताय तसे मला परत आणून द्या. मला दुसरं काही नको."

"वहिनी, मी आहे ना!" धाकटा म्हणाला, आणि ते त्याने अगदी मनापासून म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुकानातून त्याने मैदानावर फोन लावला. फोन एका बाईंनी उचलला. आवाज स्वच्छ, शांत, वय ओळखू न येणारा.

"किती जण?"

"दोघंच. मी आणि माझे थोरले भाऊ."

"तुमच्या मागे एक गृहस्थ असतील. चालेल?"

"न चालायला काय झालं? मैदान काय आमच्या तीर्थरूपांचं आहे?" धाकटा हसला. बाई हसल्या नाहीत. तेव्हा तो जरा सावरून म्हणाला, "आम्ही हळू खेळू. भाऊ आजारातून उठलेत. त्या गृहस्थांचा खोळंबा होत असेल तर त्यांना पुढे सोडू की आम्ही."

पलीकडे बाईंनी फोनवर हात ठेवला असावा. दबक्या आवाजात त्या कुणाला तरी म्हणाल्या, "सोडतो म्हणतायत." मग पुन्हा फोनवर आल्या. "कुठे सोडाल?"

आता दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, अहो बाई, तिथे आल्यावर बघू. पण हा वेळापत्रक! असा प्रश्न विचारणारं माणूस त्याला उभ्या आयुष्यात भेटलं नव्हतं. त्याने समोर मैदानाचा नकाशा उघडलाच होता. चेंडू टाकायचे खड्डे, म्हणजे होल, कुठे आहेत, चढ कुठे आहे, सावली कुठे आहे, सगळं बघून ठेवलं होतं. "सहाव्या होलपाशी," तो म्हणाला. "तिथे चढ संपतो आणि झाडाखाली एक बाक दिसतोय. भाऊ तिथे दमणारच."

"म्हणजे बाकावर ते बसतील."

"हो."

"आणि हात कोण करेल?"

"मीच करीन की."

"मग ठरलं म्हणू?"

"ठरलं," धाकटा म्हणाला आणि खुशीत फोन ठेवला. एवढी चोख व्यवस्था कुठे बघायला मिळते हल्ली?

त्यानंतर बाईंचेच फोन येऊ लागले. दुकानात गर्दी नसली की नेमका यायचा. मागच्या गृहस्थांनी विचारलंय, थोरल्या बंधूंच्या बुटांचा नंबर काय? धाकट्याला वाटलं, मैदानावर बूट भाड्याने देत असतील. त्याने नंबर सांगितला. टोपी घालतात का? हो, मरून रंगाची, जुनी आहे, टाकून देत नाहीत. चहा कसा घेतात? बिनसाखरेचा, ऑपरेशननंतर. हसताना आवाज होतो का? हे विचारल्यावर धाकटा थोडा थबकला. पण बाईंनी इतक्या साधेपणाने विचारलं होतं, की उत्तर न देणं उद्धटपणाचं वाटलं असतं. तो म्हणाला, आवाज होत नाही, नुसते खांदे हलतात. आणि मग बोलता बोलता आणखीही सांगत बसला. दादा शिट्टी कशी वाजवतात, आपण झाडावरून पडलो तेव्हा दादा कसे अनवाणी दवाखान्यापर्यंत धावले होते, सगळं. कौतुकाचं माणूस असलं की तोंडाला खळ पडत नाही. बाई शांतपणे ऐकून घेत. अधूनमधून फोनमध्ये आणखी कुणाचा तरी श्वास ऐकू यायचा.

एकदा तो वहिनींकडे जेवायला गेला असतानाच फोन आला. "उजव्या," धाकटा म्हणाला. "हो, उजव्या कुशीवर. उशी एकच." त्याने फोन ठेवला तर वहिनी वाढता वाढता थांबलेल्या.

"कोण विचारत होतं?"

"मैदानवाले. तिथे आडवं व्हायची खोली असेल, दुसरं काय!"

"आणि तुम्ही सांगितलंत? भाऊजी, हे हात दाखवून अवलक्षण कशाला?"

दादांचे खांदे हलले. "अगं, त्याला कुणी विचारणारं भेटलंय. सांगू दे बिचाऱ्याला."

जायचा दिवस उजाडला तो ढगाळ. वारा अजिबात नव्हता. डोंगर ओलांडल्यावर रस्ता अरुंद झाला आणि दोन्ही बाजूंनी शेतं आली, नांगरून मोकळी सोडलेली, काळीभोर. कुठे माणूस दिसत नव्हता. नदीवर दादांनी बांधलेला पूल आला तेव्हा धाकट्याने गाडी हळू केली. दादांनी खिडकीची काच खाली घेतली आणि कठड्याकडे बघत राहिले. खूप दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर रंग होता. धाकट्याला वाटलं, चला, सार्थक झालं.

मैदानावरची इमारत बैठी, पत्र्याच्या छपराची. आत लाकडी काउंटर, वर एक घंटी, भिंतीला खुंट्या. काउंटरवर कुणी नव्हतं. धाकट्याने घंटी वाजवली तशी आतल्या खोलीतून आवाज आला, तोच, स्वच्छ आणि शांत. "या. सुरुवात करा. तुमच्यासाठीच थांबलेत." दार अर्धवट उघडं होतं. आत खुर्ची दिसत होती, बाई दिसत नव्हत्या.

"हे बघ," दादा म्हणाले. एका खुंटीवर मरून टोपी लटकत होती. विटलेली, कडेला उसवलेली. दादांनी गमतीने आपली टोपी काढून तिच्या शेजारी धरली. "जुळ्या बहिणी!"

धाकटा हसला नाही. उसवलेली शिवणही त्याच बाजूला होती.

पहिल्या दोन होलपर्यंत काही झालं नाही. गवत ओलं होतं, बुटाखाली दबून पुन्हा सावकाश उभं राहत होतं. दादांचा हात बसला होता; चेंडू लांब जात नव्हता, पण सरळ जात होता. पक्षी मात्र एकही ओरडत नव्हता. चेंडूवर काठी बसली की टक् असा आवाज व्हायचा आणि लगेच विरायचा.

तिसऱ्या होलपाशी धाकट्याने मागे वळून पाहिलं. एक माणूस उभा होता. एकटाच. दोन्ही हात काठीच्या टोकावर ठेवलेले, डोक्यावर मरून टोपी.

आता धाकट्याचा धंदाच नजरेचा. किती अंतरावर अक्षर ओळखू येतं, किती अंतरावर चेहरा, हे त्याला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. हा माणूस चेहरा ओळखू येईल त्या अंतराच्या जेमतेम पलीकडे उभा होता. हे दोघं पुढे निघाले की तोही निघायचा. हे थांबले की थांबायचा, बरोबर तेवढ्याच अंतरावर. धाकट्याने मुद्दाम चार पावलं मागे टाकून पाहिली. तो माणूसही मागे सरला.

आणि त्याने अजून एकदाही काठी उचलली नव्हती. त्याचा चेंडू कुठे दिसत नव्हता.

"बिचारा," दादा म्हणाले. "आपल्यामुळे खोळंबलाय. सोडायचा का पुढे?"

"इथे नको," धाकटा घाईने म्हणाला. "चला, तुम्ही मारा."

त्याच्या मनात त्या फोनवरचं एकेक वाक्य वर येऊ लागलं होतं. तेव्हा ते चोख व्यवस्थेसारखं वाटलं होतं. आता, या मोकळ्या मैदानात, तेच शब्द वेगळे ऐकू येत होते. त्याने ठरवलं, सहाव्या होलपाशी थांबायचंच नाही. दादांना हाताला धरून चढ ओलांडायचा, पलीकडे बसवायचं. वेळापत्रक बदलता येतं. आपणच केलेलं तर आहे!

पण चढ चढताना दादांचा श्वास लागला. वर पोचेपर्यंत चेहरा पांढरा पडला. झाडाखाली बाक होता, नकाशात होता तिथेच. दादा त्यावर बसले.

"दादा, इथे नको. थोडंच पुढे जाऊ."

"अरे, दम तर खाऊ दे!"

"मी धरतो तुम्हाला. उठा."

दादांनी मान हलवली. ते चढाच्या खाली बघत होते. तो माणूस खाली उभा होता, काठीवर हात ठेवून, वर तोंड करून.

"हात कर त्याला," दादा म्हणाले.

"नाही करत."

"का?"

काय सांगणार? दादांचा चेहरा बदलला. शाळेतून तक्रार आली की बदलायचा तसा.

"केव्हापासून उभा आहे तो! एका शब्दाने बोलला नाही. हेच शिकवलं का रे मी तुला?"

एवढं एक वाक्य. दादांनी त्याला खांद्यावर घेऊन वाढवलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मागितली होती ती ही सहल. धाकट्याला लाज वाटली. भीती होती, पण लाज तिच्याहून मोठी निघाली.

त्याने हात वर केला.

खालचा माणूस लगेच हलला नाही. त्याने आधी टोपीला हात लावला, अदबीने. मग चालू लागला.

चढ चढताना तो एकदाही थांबला नाही. बुटांचा आवाज येत नव्हता. धाकट्याने डोळे ताणले. आता चेहरा दिसायला हवा होता. अंतर तेवढं कमी झालं होतं. अजून कमी झालं.

त्याच वेळी चेंडू आला. कुठून आला कळलं नाही. कानाजवळून गेला आणि मागच्या गवतात पडला. धाकटा दचकून वळला. बस, तेवढंच.

पुन्हा वळला तेव्हा बाक रिकामा होता.

"दादा!"

चढावर कुणी नव्हतं. झाडामागे कुणी नव्हतं.

"दादा!"

"अरे, ये ना!" आवाज पुढून आला. पलीकडच्या उतारावर, झेंड्यापाशी, दादा उभे होते. मरून टोपी, एक हात कमरेवर. "किती वेळ तिथे उभा राहणार आहेस?"

धाकटा धावत खाली गेला. दादाच होते. गालावर लाली होती, श्वास संथ होता. "तू चेंडू शोधत बसलास म्हणून मी निघालो पुढे. बसल्यावर बरं वाटलं एकदम."

"आणि तो माणूस?"

"गेला की पुढे. भला माणूस होता." दादांचे खांदे हलले, आवाज न होता.

पुढचे सगळे होल दादा न थांबता खेळले. मागे वळून बघायची धाकट्याची छाती झाली नाही. निघताना इमारतीत पुन्हा कुणी नव्हतं. काउंटरवर ठेवलेल्या किटलीतून दादांनी चहा स्वतःच ओतून घेतला, बिनसाखरेचा.

परतीचा रस्ता मैदानाच्या कुंपणाला लागून होता. एका वळणावर सहाव्या होलचा चढ दिसला, झाड दिसलं, बाक दिसला. बाकावर कुणीतरी बसलं होतं. डोक्यावर टोपी नव्हती. गाडी दिसताच त्याने हात वर केला. जा म्हणत होता की थांब म्हणत होता, ते एवढ्या लांबून सांगता येत नव्हतं.

"समोर बघ, छोट्या," शेजारून दादा म्हणाले.

धाकट्याने समोर बघितलं. गाडी थांबवली नाही.

नंतर घरात आनंदीआनंद झाला. दादा जिना एका दमात चढू लागले. गळका नळ त्यांनी दुरुस्त केला, बागेतल्या कुंड्या हलवल्या. डॉक्टरांनी पाठ थोपटली. शेजारीपाजारी धाकट्याला म्हणायचे, काय जादू केलीस रे बाबा! धाकटा हसायचा. वहिनींकडे जाणं मात्र त्याने हळूहळू कमी केलं. स्वतःची समजूत त्याने घातली होती: आपण वळलो, दादा उठून पुढे गेले, एवढीच गोष्ट. बाकावर कुणीही बसतं. बाक बसायलाच असतो.

मग एके दुपारी वहिनींचा फोन आला. या म्हणाल्या. आताच या.

तो गेला तेव्हा त्या टेबलापाशी उभ्या राहून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. आतल्या खोलीत दादा खिडक्या पुसत होते. दार लोटलेलं होतं, आत पंखा घरघरत होता आणि त्यावरून त्यांची शिट्टी ऐकू येत होती.

वहिनींनी हातातल्या शर्टाची घडी पूर्ण केली. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, यांना कुठे ठेवून आलात?"

धाकट्याने नजर घडी केलेल्या शर्टाकडे वळवली.

"सगळं आठवतं यांना," वहिनी म्हणाल्या. "तुमची शाळा, तुमचं झाडावरून पडणं, तुम्हाला घेऊन दवाखान्यात धावले ते. उजव्या कुशीवर झोपतात. कुठे म्हणून चूक नाही. मीच वेडी झाले असं वाटायला लागलं होतं मला." त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. "आम्हाला एक मुलगी झाली होती, माझ्या माहेरी. तुम्ही लहान होता, तुम्हाला आम्ही कधी कळू दिलं नाही. एक दिवस जगली. दर वर्षी त्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं मागच्या पायरीवर जाऊन बसतो. बोलत नाही काही. नुसते शेजारी बसतो. एकही वर्ष चुकलं नाही, पुलाच्या कामावर लांब असायचे तेव्हाही नाही. काल तो दिवस होता. मी पायरीवर एकटी बसले होते, भाऊजी. हे आत शिट्टी वाजवत होते."

धाकट्याने टेबलाची कड धरली.

"मग माझ्या लक्षात आलं," वहिनी म्हणाल्या. "तुम्हाला जेवढं ठाऊक आहे, तेवढंच यांना ठाऊक आहे."

आतली शिट्टी थांबली.

पंखा तेवढा घरघरत राहिला. मग दार उघडलं आणि दादा बाहेर आले. पुसायचं फडकं अजून हातात होतं. डोळे ओले होते. ते वहिनींच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि त्यांचा हात हळूच आपल्या हातात घेतला.

"काल पायरीवर बसायचं राहूनच गेलं ना गं आपलं," दादा म्हणाले.

वहिनींनी हात सोडवून घेतला नाही. त्या धाकट्याकडे बघत राहिल्या.